खंडेनवमीला उघडू

वैभव घाडी खोटारडा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून जो तो त्याच्या नावाने बोटं मोडेल. लालबागच्या बाजारात, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं काउंटर. ज्याचा मोबाईल वाचण्यासारखा नाही त्याला तो तोंडावर सांगायचा, "काका, गेला हा. उगाच खर्च करू नका." आता बोला! गिऱ्हाईकाशी इतकं खरं बोलणारा माणूस घरी येऊन सख्ख्या बहिणीशी वर्षभर खोटं बोलला, आणि तेही तिला जगवायचं म्हणून.

बहीण पूर्वी. सव्वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, परळला कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला. गेल्या वर्षी जुलैत खोकताना रक्त पडलं आणि टीबी निघाला. बरं, टीबी तरी साधा निघावा! तर तो नेहमीच्या औषधांना भीक न घालणारा निघाला. हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी पूर्वी, वैभव आणि त्यांची आई अंबिका अशा तिघांना समोर बसवलं आणि घोळवून न सांगता सांगितलं, "अठरा महिने. रोज नऊ गोळ्या. मध्येच सोडल्या तर जंतू या औषधांनाही सरावतो, आणि मग माझ्या हातात फार काही उरत नाही. कळलं?" तिघांनी माना हलवल्या. तिथे सगळेच माना हलवतात.

नऊ गोळ्या बोलायला सोप्या. गिळायला बसा म्हणजे कळेल. त्यातली एक लालसर कॅप्सूल अशी, की दोन महिन्यांत पूर्वीचा रंग पालटला. गोरा, तुकतुकीत चेहरा चुलीवरच्या तपेल्यासारखा तांबूस-काळा झाला. पायाच्या तळव्यांना रात्रंदिवस मुंग्या. आणि गोळ्या पोटात गेल्या रे गेल्या की सगळं घशाशी. नोकरी सुटली. बघायला येणारं एक स्थळ होतं, त्यांनी फोन उचलणं सोडलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पूर्वीने गोळ्यांची वाटी लांब सरकवली. "दादा, मला नको. मेले तर मेले." आई डोळ्याला पदर लावून मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. वैभवने समजावलं, ओरडला, हात जोडले. त्या दिवशी कशाबशा गेल्या. उद्याचं काय?

त्याच आठवड्यात त्याला इंटरनेटवर ते प्रकरण सापडलं. परदेशातल्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञ टीबीच्या जंतूवर नवीन औषध शोधत होते. कोट्यवधी रसायनं, त्यातलं कुठलं जंतूच्या वर्मी बसेल ते कॉम्प्युटरवर गणित करून बघायचं. एवढं गणित एका कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांत उरकायचं नाही. म्हणून त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले आणि जगाला हाक घातली, की ज्याच्याकडे कॉम्प्युटर रिकामा बसलाय त्याने एक तुकडा घ्यावा, सोडवावा, परत पाठवावा. फुकट, स्वखुशीने. लग्नघरात पोतंभर तांदूळ निवडायचे असले की चाळीतल्या बायका आपापलं सूप घेऊन येतात ना, तसला प्रकार.

वैभवकडे कॉम्प्युटर कुठला असणार? पण मोबाईलच्या पोटात एआरएम जातीची चिप असते, ती वीज कमी खाते, तापते कमी, आणि हे काम तिलाही जमतं. डिस्प्ले फुटलेले, मालक परत न आलेले अकरा मोबाईल काउंटरखाली पडून होते. त्याच जातीच्या चिपचे, तळहातावर मावतील असे सहा छोटे बोर्ड त्याने लॅमिंग्टन रोडवरून आणले. वडिलांची, म्हणजे रामजींची, गिरणीतली हत्यारांची पत्र्याची पेटी माळ्यावरून उतरवली. रामजी जाऊन सहा वर्षं झाली होती, पेटी तशीच होती. तिच्या पाठीला भोकं पाडली, पंखा बसवला, सगळी जुळणी आत केली आणि पेटी देवाच्या फळीखाली मांडली. वर एक चिमुकला डिस्प्ले. पहिल्या बोर्डाचा तुकडा किती टक्के झाला तो आकडा, आणि कडेला बारीक अक्षरांत प्रकल्पाचं नाव दाखवणारा.

"ह्यां काय आसा रे?" आईने विचारलं.

"पूर्वीचं औषध शोधतंय," वैभव म्हणाला.

अगदीच खोटं नव्हतं म्हणा. पण असलं काही सापडलंच तर त्याची गोळी होऊन दुकानात यायला दहा-पंधरा वर्षं जातात, हे त्याने त्याच पानावर वाचलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. उलट बहिणीकडे वळून म्हणाला, "पुरू, हे शोधेपर्यंत तू फक्त तग धर. या नऊ गोळ्या म्हणजे तोवरचा टेकू. खरं औषध येतंय."

टेकू! डॉक्टर मॅडमनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथे थोबाडीत ठेवून दिली असती. पण पूर्वीने त्या आकड्याकडे पाहिलं. बेचाळीस टक्के होते. पाहता पाहता त्रेचाळीस झाले. तिने वाटी ओढून घेतली.

तिथून तिने स्वतःचा एक नेम बसवला. सकाळी आई दादरला एका घरी स्वयंपाकाला जायची, वैभव दहाला काउंटर उघडायला. मग ही पेटीसमोर बसायची. गोळ्या गिळायच्या आणि आकड्यावर नजर लावायची. एक टक्का चढेपर्यंत ओकायचं नाही. साधारण साडेचार मिनिटं लागायची. तोंड घट्ट दाबून, कपाळावर घाम, पोटातून कळा, आणि नजर आकड्यावर. टक्का चढला की जिंकली. तोवर ओकारी बहुतेक वेळा मागे फिरलेली असायची. संध्याकाळी भाऊ आला की सांगायची, "आज एकाहत्तरवरून बहात्तर. काढले." वैभवला वाटायचं, आपण केवढी युक्ती केली.

आणि लागू पडत होतंच की. सहाव्या महिन्यात थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. औषधाचा डबा हॉस्पिटलने दिलेला, नव्या तऱ्हेचा. झाकण उघडलं की तिकडे आपोआप नोंद व्हायची. नोंदीत एक दिवस चुकलेला नव्हता. आई रोज दिवा लावताना पेटीलाही हळदकुंकू वाहायची. गेल्या खंडेनवमीला तर तिने लेकीसाठी पेटीपुढे साग्रसंगीत गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीक येस दी, माझ्या चेडवाक बरी कर रे म्हाराजा!" आणि पूर्वीने हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं.

खंडेनवमीची गोष्ट निघाली म्हणून सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची ही रीत सगळीकडेच, पण रामजींच्या घरात तो कायदा होता. गिरणीत तीस साच्यांच्या ओळीत त्यांचे चार साचे, कापड विणायचे माग. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, साचा थांबायचा, पोटापर्यंत उघडायचा, पुसायचा, झेंडूची माळ पडायची. रामजी म्हणायचे, चालत्या मशीनला हात घालू नये, आणि खंडेनवमीला हात घातल्याशिवाय राहू नये. गिरणी बंद पडून ते वॉचमन झाले तरी घरचा मिक्सर, इस्त्री, आईचं शिलाई मशीन, सगळं त्याच दिवशी उघडायचं. वैभवच्या काउंटरवरसुद्धा तेच. उघडायचं काही असलं की घरात एकच वाक्य, खंडेनवमीला उघडू.

मे महिन्यात आकडा शंभरावर जाऊन थांबला आणि पुढे सरकेना. वैभवने बघितलं तर प्रकल्पाची मेल आलेली. या टप्प्याचे तुकडे संपले, मदतीबद्दल आभार, पुढचं काम कधी येईल सांगता येत नाही. काम नाही, घरी जा. हे शब्द त्याच्या बापाने गिरणीच्या गेटवर ऐकले होते, आता पेटीने ऐकले.

सांगायचं ना तेव्हा! तीच वेळ होती. दहा महिने झाले होते, रिपोर्ट स्वच्छ होता, पूर्वी काही अडाणी नव्हती. पण वैभवला ती सरकवलेली वाटी आठवली. त्याने पूर्वीला सांगितलं, "लोड आलाय, उद्या चालू होईल." आणि दिवसभर दुसरं काम धुंडाळलं. रोगांवरचे दोन प्रकल्प सापडले, पण ते मोठ्या कॉम्प्युटरसाठी होते, या चिपवर चालेल असं त्यांनी काही बनवलंच नव्हतं. चालेल असा एक सापडला. दुर्बिणींनी पकडलेल्या सिग्नलमधून आकाशातले फिरते तारे हुडकायचे. रोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वैभवने पेटी त्याला जोडून दिली. आकडा पुन्हा शून्यापासून चढू लागला.

"दादा, टक्का आता लवकर चढत नाही रे," पूर्वी चौथ्या दिवशी म्हणाली. "बारा-बारा मिनिटं लागतात."

"मोठे तुकडे आलेत," वैभव म्हणाला. मोबाईलचं मागचं झाकण उघडत होता, वर बघितलंही नाही. "शेवटचा टप्पा आहे गं. जवळ आलंय आता."

बारा मिनिटं. साडेचाराची बारा झाली, आणि ती पोरगी बारा मिनिटं तोंड दाबून बसायला लागली. मे गेला, जून गेला, जुलै संपत आला. नागपंचमीला आईने पातोळे केले, पूर्वीने एक खाल्ला. तिचा चेहरा त्या दिवशी जरा वेगळा होता असं आईला नंतर आठवलं. नंतर काय, सगळ्यांना सगळंच आठवतं.

आणि काय चमत्कार, नागपंचमीनंतर पूर्वी सुधारली! उलट्या बंद. तळव्यांच्या मुंग्या कमी. दोन चपात्या खायला लागली, गालावर मांस आलं, गणपतीत चाळीच्या आरतीला उभी राहिली. ऑगस्टचा थुंकीचा रिपोर्टही स्वच्छ. आईने पेटीवरून नारळ ओवाळून टाकला. "मेल्या, तुझ्या मशिनीन माझा चेडू वाचवल्यान," असं म्हणून तिने तीस पार केलेल्या मुलाचा मुका घेतला. वैभव लाजला. त्यालाही वाटायला लागलं होतं की आपलंच काहीतरी पुण्य आहे.

एकच कटकट होती. पेटी तापत होती. आधी चिपचं तापमान पंचावन्नच्या आसपास असायचं. गणपतीची गर्दी सरल्यावर, सप्टेंबरात, वैभवने मोबाईलवर बघितलं तर त्र्याऐंशी. ऐंशीच्या वर गेलं की ही चिप जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. टक्का चढायला वीस मिनिटं लागत होती. त्याने पेटीच्या पाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"पंख्यात कचरा अडकला असेल," तो म्हणाला.

"मग उघडून बघ ना," पूर्वी म्हणाली. ती खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला होता.

"आता काय, तीन आठवड्यांवर दसरा. खंडेनवमीला उघडू."

"आत्ताच उघड ना दादा. तापतेय ती."

"अगं, बाबांचा नियम विसरलीस काय? आणि मरत नाही ती तीन आठवड्यांत," असं म्हणून हा पठ्ठ्या काउंटरवर निघून गेला. बाहेर पडताना त्याला तिची खोकल्याची उबळ ऐकू आली. शेंगांचं फोल घशात गेलं असेल, असं वाटलं त्याला.

खंडेनवमीची सकाळ. आईने कामावर सुट्टी घेतलेली, दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणलेला, पाटावर इस्त्री, मिक्सर, स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडलेले. वैभवने सगळे बोर्ड रीतसर बंद केले. वर्षभरात पहिल्यांदा खोली निःशब्द झाली. पंख्याचा आवाज तर कधीच बंद झाला होता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आपण रोज ज्याला आवाज समजत होतो ती नुसती चार्जरांची गुणगुण. त्याने मागचे स्क्रू काढले आणि पत्रा उचलला.

आत लाल होतं. पंख्याच्या पात्यांवर, जाळीवर, बोर्डांच्या कडांवर, वितळून ओघळून वाळलेलं लाल.

"ह्यां कुंकू आत कोणी घातलां रे?" आई पुढे वाकून म्हणाली.

कुंकू कसलं. उष्णतेने फुटलेल्या त्या लालसर कॅप्सुली होत्या. त्यांच्या खाली, पंख्याच्या खोबणीत, बोर्डांच्या मधल्या फटींत, पेटीच्या तळाशी, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या गोळ्या. भोकांतून एकेक ढकललेल्या. वैभव हाताने उपसायला लागला. आईने फुलांसाठी आणलेल्या परडीत टाकायला लागला. परडी भरली. लांबट पिवळी गोळी दिवसाला एकच असायची, म्हणून त्याने तेवढ्या वेचून मोजल्या. त्रेसष्ट.

मोबाईलवर रोजच्या तापमानाची नोंद राहत होती. त्याने मागे सरकवत नेली. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. पंचावन्नची सरळ रेघ, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून ती वर निघालेली. रोज थोडी थोडी. सगळं लिहिलेलं होतं. त्याने फक्त बघितलं नव्हतं.

पूर्वी खाटेवर बसून होती. पळून गेली नाही, रडली नाही.

"काय केलंस हे?" वैभव तिच्याकडे वळला. "पुरू, काय केलंस तू हे?"

"तू काय शोधत होतास त्यात?" तिने विचारलं.

त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला.

"नागपंचमीला मी डिस्प्लेच्या कडेला ते बारीक नाव असतं ना, ते मोबाईलवर टाकून बघितलं. म्हटलं, शेवटचा टप्पा आहे तर बघू तरी काय सापडलंय. तर दुर्बिणीच्या मोठ्ठ्या तबकडीचा फोटो आला, आकाशाकडे तोंड केलेल्या." ती खोकली. कोरडा नव्हता तो खोकला. "तारे, दादा. दोन महिने मी बारा-बारा मिनिटं तोंड दाबून बसले. ताऱ्यांसाठी."

"अगं पण गोळ्या... गोळ्या हेच औषध होतं गं!" वैभव ओरडला. "तेच खरं औषध होतं! पेटी गेली मसणात!"

"मग तू त्याला टेकू का म्हणालास?"

आईच्या हातातली माळ तशीच राहिली. तिला तारे कळले नाहीत, तबकडी कळली नाही. पण परडी कळली. 

"मला वाटलं, औषध कुणी शोधतच नाहीये. दादानेच सोडून दिलंय, फक्त मला सांगत नाहीये. डॉक्टरांनी त्याला सांगितलं असेल, काही उपयोग नाही, म्हणून हा मला खेळवतोय. मग मी कशाला ओकू?" पूर्वी सावकाश बोलत होती, दम पुरवून पुरवून. "पण पेटीतच टाकल्या रे. बाहेर नाही टाकल्या. तू रोज तिला हात लावतोस, रोज बघतोस. म्हटलं, दोन दिवसांत कळेल याला. तापेल, उघडेल, मला मारेल, मग मी परत सुरू करीन. सांगितलंसुद्धा मी तुला, उघड म्हणून."

 त्र्याऐंशीवर पोचलेल्या पत्र्याला वैभवने हात लावला होता. बहिणीच्या कपाळाला लावला नव्हता.

दसऱ्याला सोनं वाटायला चाळीतली माणसं आली तेव्हा घाडींचं दार बंद होतं. तिघं हॉस्पिटलात होती. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट झालं. त्यांनी परडीतल्या गोळ्यांची पिशवी बघितली, सप्टेंबरच्या नमुन्यात जंतू परत दिसायला लागल्याचा, नुकताच आलेला कागद काढला आणि थुंकी नव्याने तपासायला पाठवली. कुठलं औषध अजून चालतं ते बघायला हवं, तोवर आहेत त्या गोळ्या कुणाच्यातरी समोर बसून गिळायच्या, म्हणाल्या.

रिपोर्ट आणायला वैभव एकटा गेला, दिवाळीनंतर.

"नऊ गोळ्यांत दोन मुख्य होत्या. त्यांना जंतू आता जुमानत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणखी दोन औषधं आहेत. जास्त त्रासाची आहेत. ती देऊन बघू."

"चालतील ना?"

"देऊन बघू म्हटलं मी, मिस्टर घाडी."

शिवडीच्या हॉस्पिटलातून लालबागपर्यंत तो चालत आला. मुद्दाम. वाटेत खोटं जुळवायचं होतं. आणि जुळत गेलंही, मेल्याला सवयच लागली होती. रिपोर्ट बरा आहे. दोनच गोळ्या बदलल्यात. शेवटचा टप्पा. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला उभा असताना ते इतकं तोंडपाठ झालं होतं, की त्याला स्वतःलाही क्षणभर बरं वाटलं. आणि मग स्वतःची अशी शिसारी आली, की सिग्नल सुटला तरी तो तिथेच उभा राहिला. बाजूने वळायला थांबलेला टॅक्सीवाला भोंगा वाजवत ओरडला, "ए भाई, जाना है कि नहीं?"

घरी पूर्वी भिंतीला टेकून बसली होती. गाल परत आत गेले होते. पेटी जागेवर होती, चालू होती. गेल्या आठवड्यात टीबीच्या प्रकल्पाचं नवं काम आलं होतं आणि वैभवने कुणाला न सांगता ती परत जोडली होती. डिस्प्ले मात्र त्याने उपटून टाकला होता. नवीन पंखा सुरळीत फिरत होता, चिप बावन्नवर होती.

"काय म्हणाल्या मॅडम?"

वैभवने चप्पलसुद्धा काढली नव्हती. दारातच उभं राहून त्याने सांगितलं. दोन मुख्य औषधं गेली. नवी दोन देणार आहेत, त्रास जास्त होईल. चालतील की नाही, त्यांनाही माहीत नाही. सगळं, मॅडमच्या शब्दांत.  आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती, तिने गॅस बंद केला.

पूर्वीने पेटीकडे बघितलं.

"ती चालू आहे?"

"आहे."

"काय शोधतेय?"

"टीबीचंच. खरंच टीबीचं, पुरू. मेल दाखवतो."

"माझ्यासाठी?"

वैभवने मान हलवली. "नाही. तुझ्यासाठी नाही. सापडलंच काही, तर दहा-पंधरा वर्षांनी कुणाच्यातरी उपयोगी पडेल. नाही पडलं तर तेही नाही."

तिने वाटी मागितली. वैभवने बरोबर आणलेल्या नव्या दोन गोळ्या मोठ्या होत्या, पांढऱ्या. आईने पाणी आणून दिलं. पूर्वीने एकेक करून सगळ्या तोंडात टाकल्या, गिळल्या, आणि भावासमोर आ करून जीभ वर उचलली. वैभव खाली बसून, मोबाईलचा टॉर्च लावून, घशापर्यंत बघत होता. आत काही उरलं नव्हतं. तिने तोंड दाबून धरलं, डोळ्यांत पाणी आलं, गळा हलला, पण तिने आत ठेवलं. किती वेळ ठेवायचं ते सांगायला समोर आकडा नव्हता.

मग तिने तोंडावरचा हात काढला.

"एवढंच तेव्हा सांगितलं असतंस ना दादा," ती म्हणाली, "तर गिळल्या असत्या रे मी."